दाराची मूठ सरकली कोणी? : सूक्ष्म बदलांच्या भयाचा इतिहास

१/ एक भुयारी पादचारी मार्ग आहे. भिंतींना पांढऱ्या फरशा, एका बाजूला जाहिरातींची पोस्टर्स, दुसऱ्या बाजूला काही बंद दारे, छतावर ट्यूबलाइटचा निर्विकार उजेड. समोरून पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ चालत येतात आणि शेजारून निघून जातात. आपण वळण घेतो, तर पुढे पुन्हा तोच मार्ग, तीच पोस्टर्स, तेच गृहस्थ. या खेपेस मात्र एका दाराची मूठ कडेला असण्याऐवजी दाराच्या मधोमध बसलेली आहे. आपल्या ते लक्षात आले का?

२/ हा 'दि एक्झिट ८' नावाचा जपानी व्हिडिओ गेम. 'कोताके क्रिएट' या नावाने काम करणाऱ्या एकट्या विकसकाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. नियम मोजके आहेत. काही विसंगत दिसले तर तत्काळ मागे फिरा. काहीच विसंगत नसेल तर पुढे चालत राहा. निर्णय बरोबर आला की फलकावरील आकडा एकाने वाढतो. चुकला की पुन्हा शून्य. आठव्या द्वारातून बाहेर पडणे, एवढेच ध्येय. हातात शस्त्र नाही, आणि बहुतेक वेळा पाठीमागे लागणारा शत्रूही नाही.

३/ दाराची सरकलेली मूठ कोणाला इजा करत नाही. तरीही ती दिसताच अंगावर सर्रकन काटा येतो, हे कसे? मानसशास्त्रीय भयखेळांचा हा जो प्रकार आहे, ज्यात भोवतालातील बारीकसा फेरफार ओळखणे हाच खेळ असतो, त्याची मुळे संगणकाच्या फार मागे जातात. आजच्या धाग्यात सुमारे १३० वर्षांचा हा प्रवास पाहू. वाटेत एकच प्रश्न हाती धरू: बदल खरोखर झाला, हे प्रमाणित करण्याचा अधिकार कोणाकडे असतो?

४/ आरंभ १८९२ पासून करू. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा त्या वर्षी प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर खचलेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर नवरा 'विश्रांती' म्हणून एका माडीवरच्या खोलीत ठेवतो. लिहायचे नाही, काम करायचे नाही, फार विचार करायचा नाही. उरतो तो भिंतीवरचा पिवळा कागद. दिवसाच्या उजेडात त्याची नक्षी एक असते, चांदण्यात दुसरी. हळूहळू तिला त्या नक्षीआड गजांमागे अडकलेली एक बाई हलताना दिसू लागते.

५/ कथेचे भय त्या कागदात जितके आहे, त्याहून अधिक घरातील अधिकारव्यवस्थेत आहे. निरीक्षण करणारी एकच व्यक्ती आणि निवाडा देणारी दुसरीच. ती सांगते की नक्षी हलते. नवरा वैद्यकशास्त्राच्या अधिकाराने सांगतो की तुझी प्रकृती सुधारते आहे. गिलमन यांनी स्वतः त्या काळातील नामांकित डॉक्टर सायलस वियर मिचेल यांचा हा विश्रांती-उपचार भोगला होता. खोली बदलली की पाहणारीचे मन बदलले, हा पेच या कथेने साहित्यात पक्का रुजवला.

६/ या पेचाची शास्त्रीय चर्चा पुढे जर्मन भाषेत झाली. १९०६ मध्ये अर्न्स्ट येन्च यांनी आणि १९१९ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी 'उनहाइमलिख' या भावनेवर निबंध लिहिले. शब्दाच्या पोटात 'हाइम', म्हणजे घर, आहे. आपले वाटणारे, घरचे असणारे काहीतरी एकाएकी परके भासू लागणे, असा त्याचा आशय. जंगलातील वाघाचे भय निराळे. स्वतःच्या बैठकीतील खुर्ची सकाळी दोन बोटे सरकलेली आढळणे, हे उनहाइमलिख. ओळख जितकी गाढ, तितका धक्का मोठा.

७/ त्याच निबंधात फ्रॉइड एक अनुभव नोंदवतात. इटलीतील एका लहान गावी ते अनोळखी वस्तीत शिरले, तेथून निघाले, आणि फिरून त्याच गल्लीत आले. पुन्हा निघाले, पुन्हा तीच गल्ली. आपल्याकडे याला 'चकवा लागणे' म्हणतात. कोकणात आणि घाटावरही रात्रीच्या वाटसरूला फिरवून फिरवून एकाच झाडापाशी आणणाऱ्या चकव्याच्या गोष्टी आजी-आजोबांनी सांगितलेल्या असतात. एकच जागा पुन्हा पुन्हा समोर येणे, हे भयखेळांचे पुढे चलनी नाणे झालेले तंत्र इतके जुने आहे.

८/ आता लंडन, १९३८. पॅट्रिक हॅमिल्टन यांचे 'गॅस लाइट' हे नाटक रंगभूमीवर आले. कथानक १८८० च्या सुमाराच्या लंडनमधले. मिस्टर मॅनिंगहॅम आपल्या पत्नीला, बेलाला, पद्धतशीरपणे वेडाच्या कडेला ढकलत आहे. घरातील वस्तू तो स्वतः लपवतो आणि ठपका तिच्यावर ठेवतो. भिंतीवरचे एक चित्र नाहीसे होते. नवरा अतिशय शांतपणे विचारतो, ते कुठे ठेवलेस? ती शपथेवर सांगते की आपण हात लावलेला नाही. पण चित्र तर जागेवर नाही, आणि घरात तिसरे कोण आहे?

९/ याच घरात रोज संध्याकाळी एक अगदी लहानसा बदल घडतो. नवरा बाहेर गेला की थोड्या वेळाने खोलीतील गॅसच्या दिव्याची ज्योत मंदावते. तो परतण्यापूर्वी ती पुन्हा मोठी होते. कारण भौतिक आहे. एकाच नळीवर दुसरा दिवा पेटवला की पहिल्याचा दाब कमी होतो. म्हणजे वरच्या बंद मजल्यावर कोणीतरी दिवा लावून वावरते आहे. तो मनुष्य नवराच असतो. त्या घरात पूर्वी खून झालेल्या वृद्धेची माणके तो तेथे शोधत असतो.

१०/ बेलाने ज्योत उतरताना पाहिली आहे, पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचे बळ तिच्यात उरलेले नाही. रफ नावाचा निवृत्त पोलीस अधिकारी घरात येतो, तोही ज्योत उतरताना पाहतो, आणि त्या क्षणी नाटक फिरते. दुसरा साक्षीदार मिळाला! १९४० मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९४४ मध्ये हॉलिवूडमध्ये यावर चित्रपट निघाले. दुसऱ्यासाठी इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळाले. 'गॅसलाइटिंग' हा शब्द येथूनच आला. मेरियम-वेब्स्टर या शब्दकोशाने २०२२ चा वर्षशब्द म्हणून त्याचीच निवड केली.

११/ सूक्ष्म बदल टिपण्याची दुसरी परंपरा अगदी निराळ्या वातावरणातली आहे, आणि ती आपल्या सिमल्यातून जाते. रुडयार्ड किपलिंग यांच्या १९०१ च्या 'किम' या कादंबरीत लर्गन साहेब तबकात रत्ने मांडतो, क्षणभर पाहू देतो आणि झाकून टाकतो. काय काय होते ते सांगायचे. साम्राज्याच्या हेरगिरीसाठी पोराची नजर तयार करण्याचा तो उपाय. १९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांनी हा खेळ बालवीरांच्या शिक्षणात घेतला आणि 'किमचा खेळ' म्हणून तो जगभर पसरला.

१२/ रविवारच्या पुरवणीतील 'दोन चित्रांतील फरक ओळखा' हा त्याच घराण्यातला. या परंपरेत भय नसते, कारण मांडणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसते. फरक आहेत हे आधीच सांगितलेले असते, त्यांची संख्याही दिलेली असते, आणि उत्तरे पान उलटे धरून वाचता येतात. आता कल्पना करा की फरक किती आहेत, आहेत की नाहीत, हेच सांगितलेले नाही. आणि पहिले चित्र डोळ्यांसमोरून काढून घेतलेले आहे. लर्गन साहेबाचे तबक तेथेच मॅनिंगहॅमच्या घरात जाऊन पोहोचते.

१३/ मनुष्याची नजर या कामात किती कच्ची आहे, याचा छडा १९९० च्या दशकात लागला. आपले डोळे सेकंदाला अनेकदा उड्या मारतात आणि उडीच्या काळात दृष्टी जवळजवळ मिटलेली असते. १९९७ मध्ये रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी एकाच दृश्याची दोन रूपे आलटून पालटून दाखवली व मध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ कोरा पडदा ठेवला. एवढ्याने मोठमोठे बदलही लोकांना चटकन दिसेनात. यास 'बदल-अंधत्व' असे नाव मिळाले.

१४/ पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, डॅनियल सायमन्स व डॅनियल लेव्हिन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एक प्रयोगकर्ता विद्यापीठाच्या आवारात वाटसरूला रस्ता विचारतो. बोलणे चालू असताना दोघे जण एक लाकडी दार उचलून नेमके दोघांच्या मधून जातात. दाराच्या आडोशाने रस्ता विचारणारा मनुष्यच बदलला जातो. दुसरा उंचीने निराळा, आवाजाने निराळा, कपड्यांनी निराळा. १५ वाटसरूंपैकी ७ जणांच्या ते लक्षात आले. उरलेले ८ जण शांतपणे रस्ता सांगत राहिले.

१५/ याहून महत्त्वाचा निष्कर्ष त्यानंतरचा आहे. असा बदल तुमच्या लक्षात येईल का, असे विचारले की बहुतेक लोक ठामपणे 'हो' म्हणतात. स्वतःच्या नजरेविषयी आपला अंदाज वस्तुस्थितीपेक्षा कितीतरी उदार असतो. भयखेळांचे रचनाकार नेमक्या या फटीत हात घालतात. खेळाडू आत्मविश्वासाने खोलीत शिरतो. दोन फेऱ्यांनंतर त्याला उमगते की मघाशी भिंतीवर घड्याळ होते की नव्हते, हे आपण शपथेवर सांगू शकत नाही. बेलाची अवस्था ती हीच.

१६/ व्हिडिओ गेममध्ये ही अवस्था आणण्याचा गाजलेला प्रयत्न २००२ चा. कॅनडातील सिलिकॉन नाइट्स या संस्थेने घडवलेला 'इटर्नल डार्कनेस' निन्टेन्डोच्या गेमक्यूब यंत्रासाठी आला. त्यात पात्राच्या मनःस्वास्थ्याची एक हिरवी पट्टी असते. ती घटू लागली की दृश्य किंचित कलते, भिंती रक्ताळतात, कुजबुज कानी येते. कधी कधी तर दूरदर्शन संचाचा आवाज आपोआप कमी झाल्याचे, किंवा जतन केलेला खेळ पुसला जात असल्याचे खोटे दृश्य दाखवले जाते, आणि खेळाडू खरोखरच रिमोट शोधू लागतो.

१७/ या युक्त्यांच्या पद्धतीवर निन्टेन्डोने अमेरिकेत पेटंटही घेतले. ते २००५ मध्ये मंजूर झाले. कल्पना थोर होती, पण एक मर्यादा राहिली. ती हिरवी पट्टी पडद्यावर दिसते. पट्टी घसरली म्हणजे आता दिसणारे सारे भ्रम, असा निवाडा खेळच देऊन टाकतो. भिंतीवरचे रक्त खरे की खोटे, हे ठरवण्याचे ओझे खेळाडूवर पडतच नाही. थोडक्यात, डॉक्टर नवरा अजून घरातच आहे. फक्त त्याने पट्टीचे रूप घेतले आहे.

१८/ २००४ मध्ये कोनामी कंपनीच्या 'सायलेंट हिल ४ : द रूम' या खेळाने एक निराळे पाऊल टाकले. हेन्री टाउनशेंड हा तरुण आपल्याच ३०२ क्रमांकाच्या सदनिकेत अडकला आहे. दाराला आतून साखळदंड आहेत. बाहेरच्या भयंकर जगांत जाऊन तो पुन्हा पुन्हा या घरी परततो, आणि सुरुवातीस या खोलीत त्याच्या जखमा आपोआप भरून येतात. खेळ निम्मा झाला की ते थांबते. आता खोलीतच एकेक विपरीत प्रकार घडू लागतात.

१९/ विसाव्याचे एकमेव ठिकाण नासवणे, हा त्या खेळाचा डाव होता. म्हणून खेळाडू घरी परतला की आधी सगळ्या खोलीवरून नजर फिरवू लागला: खिडकी, भिंत, दाराचे छिद्र, सारे जागच्या जागी आहे ना? पण बदल टिपण्याची ही सवय अजून मोठ्या खेळाचा केवळ एक भाग होती. ती संपूर्ण खेळ होण्यासाठी आणखी दहा वर्षे जावी लागली.

२०/ १२ ऑगस्ट २०१४. जर्मनीतील गेम्सकॉम मेळ्याच्या निमित्ताने सोनीने प्लेस्टेशन ४ साठी 'पी.टी.' नावाचा छोटा, विनामूल्य खेळ खुला केला. निर्माता म्हणून '७७८०एस स्टुडिओ' असे कोणालाच माहीत नसलेले नाव. खेळ म्हणजे एका सामान्य घरातील काटकोनात वळणारा बोळ. टोकाचे दार उघडले की खेळाडू त्याच बोळाच्या आरंभी येतो. घड्याळ २३:५९ दाखवते. रेडिओवर एका कुटुंबातील हत्याकांडाची बातमी चालू असते. प्रत्येक फेरीत काहीतरी थोडेसे निराळे असते.

२१/ रचनेची खुबी त्या काटकोनात आहे. बोळ सरळ असता तर एका नजरेत तो सारा दिसला असता. वळणामुळे अर्धी जागा सदैव नजरेआड राहते, आणि मागे वळून पाहावे तर पुढची बाजू निसटते. रेन्सिंक यांच्या प्रयोगात कोरा पडदा जे काम करी, ते येथे भिंतीचा कोपरा आणि दार करतात: दोन दृश्यांमधील दुवा तोडणे. त्यात खेळाडूच्या हाती चालणे आणि निरखून पाहणे याखेरीज जवळजवळ काहीच दिलेले नव्हते.

२२/ तुझी स्मृती बरोबर आहे की चूक, हे सांगणारा तेथे कोणीही नव्हता. मग बेलाला जे मिळाले तेच खेळाडूंनी शोधले: दुसरा साक्षीदार. जगभरातील लोक थेट प्रक्षेपणांवर एकमेकांची दृश्ये ताडून पाहू लागले. काही तासांतच कोडे सुटले आणि गुपित फुटले. हिदेओ कोजिमा व चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांच्या 'सायलेंट हिल्स' या आगामी खेळाची ती जाहिरात होती. तरीही शेवटचे कोडे नेमके कशामुळे सुटते, याविषयी खेळाडूंत मतभेद दीर्घकाळ टिकले.

२३/ पुढची घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करणारी आहे. एप्रिल २०१५ मध्ये 'सायलेंट हिल्स' रद्द झाला आणि 'पी.टी.' सोनीच्या दुकानातून काढून टाकण्यात आला. ज्यांनी तो एकदा घेतला होता त्यांनाही तो पुन्हा उतरवून घेता येईना. ज्या यंत्रांत तो आधीपासून होता, तेवढ्या प्रती उरल्या. नाहीशा होणाऱ्या वस्तू टिपायला शिकवणारा खेळ स्वतःच जागेवरून नाहीसा झाला. भिंतीवर उरली ती चौकटीची खूण.

२४/ पण उरलेल्या प्रती बोलल्या. २०१९ मध्ये खेळाची संगणकीय रचना तपासणाऱ्या एका अभ्यासकाने खेळातील कॅमेरा मोकळा करून फिरवला. तेव्हा कळले की खेळाडूच्या हाती विजेरी आल्यापासून लिसा नावाचे ते भूत त्याच्या पाठीशी अक्षरशः चिकटवलेले असते. पाच वर्षांपूर्वी ज्यांना पाठीमागे कोणीतरी असल्याचा भास झाला होता, त्यांना पुरावा असा उशिरा मिळाला. प्रत जपली गेली नसती, तर त्यांची साक्ष भासाच्या खात्यातच जमा राहिली असती.

२५/ 'पी.टी.'चा वारसा अनेकांनी उचलला. पोलंडच्या क्राकोव्ह शहरातील ब्लूबर टीमने २०१६ मध्ये आणलेल्या 'लेयर्स ऑफ फिअर' मध्ये एका चित्रकाराचा वाडा खेळाडूची पाठ वळताच बदलतो. ज्या दाराने आत आलो तेथे भिंत उभी असते. तंत्र सोपे आहे. खेळाडूचा कॅमेरा कोणत्या दिशेला आहे हे संगणकास क्षणोक्षणी ठाऊक असते, त्यामुळे नजरेबाहेरची वस्तू गुपचूप बदलता येते. मॅनिंगहॅमला पत्नी खोलीबाहेर जाण्याची वाट पाहावी लागे. या वाड्याला तेवढीही गरज नाही.

२६/ २०१८ च्या 'आयम ऑन ऑब्झर्वेशन ड्यूटी' या खेळाने खेळाडूला पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसवले. घरातील खोल्यांचे कॅमेरे आलटून पालटून पाहायचे. काही हलले, वाढले वा घटले की खोलीचे नाव व बदलाचा प्रकार नमूद करून तक्रार नोंदवायची. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत तग धरायचा. फार बदल नजरेतून सुटले तर खेळ संपला. साक्षीदाराला येथे प्रथमच अधिकृत नोंदवही मिळाली, असे म्हणता येईल.

२७/ आता पुन्हा 'दि एक्झिट ८' च्या भुयारात येऊ. या खेळाने एक जुने असंतुलन दूर केले. आधीच्या खेळांत बदल न दिसणे हीच मुख्य चूक असे. येथे नसलेला बदल पाहणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. सारे यथास्थित असताना संशयाने मागे फिरलात, तरी आकडा शून्यावर येतो. आंधळा विश्वास आणि आंधळा संशय, दोघांना एकच शिक्षा! बेलाला जो तोल एकटीने सांभाळावा लागला होता, त्याचा हा नियम झाला.

२८/ भुयाराची निवडही अर्थपूर्ण आहे. गिलमन व हॅमिल्टन यांचे भय खासगी घरात घडते. हे भुयार सार्वजनिक आहे, आणि असंख्य तशाच भुयारांसारखे आहे. जपानमधील अशा जागा नियमांनी बांधलेल्या असतात. जमिनीवरच्या पिवळ्या उंचवट्यांच्या फरशांचेच पाहा. दृष्टिहीनांसाठी सेइइची मियाके यांनी शोधलेल्या या फरशा १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवल्या गेल्या. आज त्या आपल्या मेट्रो स्थानकांवरही दिसतात. प्रमाणीकरण जितके काटेकोर, तितका एक फरक अधिक खुपतो.

२९/ या छोट्या खेळाच्या यशानंतर अनुकरणांची रीघ लागली. जपानी खेळाडू अशा खेळांना 'आठ नंबरसारखे' म्हणून ओळखू लागले. गेन्की कावामुरा दिग्दर्शित चित्रपट २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तंत्र म्हणून यात नवे फारसे काही नाही: फ्रॉइड यांची गल्ली, लर्गनचे तबक, हॅमिल्टन यांचा दिवा. नवे आहे ते निवाड्याचे स्थान. नवरा गेला, पोलीस अधिकारी गेला, हिरवी पट्टीही गेली. भुयारात आपण आणि आपली स्मृती.

३०/ आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. सरकलेली मूठ स्वतः निरुपद्रवी असते. आपण पाहिलेल्या गोष्टीची साक्ष आपणच देऊ शकू का, ही शंका ती मनात सोडून जाते, आणि भय त्या शंकेचे असते. शंका एकदा शिरली की मधोमध बसलेल्या मुठीइतकीच जागच्या जागी असलेली मूठही भिववू लागते. ज्याच्यावर सत्ता गाजवायची त्याच्या मनात हीच शंका पेरावी, हे मॅनिंगहॅमला पक्के ठाऊक होते. सत्तेचे हे तंत्र त्याच्याबरोबर संपलेले नाही.

३१/ हस्तलिखितांच्या प्रती ताडून पाहणारा अभ्यासक नेमके हेच काम करतो. एका प्रतीत शब्द आहे, दुसरीत नाही; नक्कलकाराची डुलकी की हेतुपूर्वक केलेला फेरफार? येथेही चुका दोनच: असलेला पाठभेद नजरेतून सुटणे, आणि नसलेला कट दिसू लागणे. दोन्हींवर उपाय एकच आहे, आणि 'दि एक्झिट ८' तो पहिल्याच फेरीत शिकवतो. ती फेरी नेहमी निर्दोष असते. मूळ काय होते ते नीट पाहून घ्या, असा त्याचा अर्थ.

३२/ मूळ प्रत पाहिलेली नसेल तर बदल ओळखता येत नाही, आणि मूळ प्रत जपलेली नसेल तर ओळखलेला बदल सिद्ध करता येत नाही. आज बातमीचे शीर्षक दुपारी एक असते, संध्याकाळी दुसरे. छायाचित्रातील माणूस एका बोटाने पुसता येतो. अशा काळात केवळ 'मला आठवते' एवढ्यावर उभी असलेली साक्ष फार दुबळी ठरते. म्हणून तारीख घालून टिपणे, प्रत काढून ठेवणे, दुसऱ्याकडून ताडून घेणे, ही कंटाळवाणी कामे करावी लागतात. बेलाला उशिरा का होईना, दुसरा साक्षीदार भेटला. प्रत्येकाच्या घरी रफ येईलच असे नाही.

३३/ धागा येथे संपतो. आपण यांपैकी कोणता खेळ खेळला असाल, तर सर्वांत आधी कोणता बदल ओळखला आणि कोणता शेवटपर्यंत नजरेतून सुटला, ते खाली अवश्य लिहा. नोंदी ताडून पाहू.